अणूचा घोट : डॉ. सॉल हर्ट्झ

१२ नोव्हेंबर १९३६. बोस्टन शहरातील हार्वर्ड वैद्यकीय महाविद्यालयाच्या व्हँडरबिल्ट हॉलमध्ये दुपारच्या भोजनाच्या निमित्ताने एक व्याख्यान योजले होते. वक्ते होते मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीचे, म्हणजेच एम.आय.टी.चे अध्यक्ष आणि नामवंत पदार्थवैज्ञानिक कार्ल कॉम्प्टन. पदार्थविज्ञान हे जीवशास्त्राच्या आणि वैद्यकाच्या काय उपयोगी पडू शकेल, हा त्यांचा विषय होता. श्रोत्यांत बहुतेक डॉक्टर होते. अशा व्याख्यानांनंतर जे होते तेच येथेही व्हायचे, म्हणजे टाळ्या, आभार आणि आपापल्या वॉर्डाकडे पांगापांग. पण एकतीस वर्षांच्या एका डॉक्टरांनी प्रश्न विचारला. आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येईल काय, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे होते.

डॉक्टरांचे नाव सॉल हर्ट्झ. अतिसक्रिय थायरॉईडच्या आजारावर आज जगभर दिले जाणारे किरणोत्सारी आयोडीन हे औषध या एका प्रश्नातून जन्माला आले. पण ज्यांनी तो प्रश्न विचारला, त्यांच्या वाट्याला त्या औषधाचे श्रेय सरळपणे आले नाही. ते मिळविण्यासाठी त्यांना झगडावे लागले, आणि झगडा संपून काही वर्षे होतात न होतात तोच आयुष्यही संपले.

हर्ट्झ यांचा जन्म २० एप्रिल १९०५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या क्लीव्हलँड शहरी झाला. आईवडील पोलंडमधून स्थलांतर करून आलेले ज्यू. घरातील वातावरण सनातनी धार्मिक. शिक्षण सरकारी शाळेत. या भौगोलिक तपशिलाला थोडे महत्त्व आहे. अमेरिकेतील महासरोवरांभोवतीचा सारा प्रदेश त्या काळी गलगंडाचा पट्टा म्हणून ओळखला जाई. समुद्रापासून दूर असलेल्या या भागातील माती-पाण्यात आयोडीन कमी. त्यामुळे शाळकरी मुलींचे गळे सुजलेले दिसणे ही तेथे नित्याची बाब होती. क्लीव्हलँडपासून जवळच असलेल्या ॲक्रन गावात डेव्हिड मरीन यांनी १९१७ पासून शाळेतील मुलींना आयोडीन देऊन गलगंड टाळता येतो हे दाखवून दिले. क्लीव्हलँडमध्येच जॉर्ज क्राइल हे थायरॉईडच्या शस्त्रक्रियांसाठी देशभर गाजलेले शल्यविशारद होते. हर्ट्झ पदवीसाठी मिशिगन विद्यापीठात गेले, तर १९२४ च्या मे महिन्यात त्याच राज्यात आयोडीनयुक्त मीठ दुकानांत विक्रीला आले. त्या मोहिमेचे सूत्रधार डेव्हिड काउई हे त्याच विद्यापीठातील प्राध्यापक होते. या साऱ्यांचा त्या तरुण मनावर नेमका किती परिणाम झाला, याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. मात्र आयोडीन आणि मानेतला तो फुलपाखरासारखा अवयव यांचे नाते त्यांना पुस्तकात भेटण्यापूर्वी रस्त्यावर भेटले असणार.

१९२५ साली उत्तम गुणांनी पदवी मिळवून ते हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाले. तो काळ ज्यू विद्यार्थ्यांसाठी अनुकूल नव्हता. १९२२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येला मर्यादा घालावी असा प्रस्ताव उघडपणे मांडला होता. त्या वातावरणात हर्ट्झ यांनी १९२९ साली वैद्यकीय पदवी घेतली, क्लीव्हलँडच्या माउंट सायनाय रुग्णालयात उमेदवारी केली आणि १९३१ मध्ये ते पुन्हा बोस्टनला आले. मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जेम्स हॉवर्ड मीन्स हे औषधवैद्यक विभागाचे प्रमुख होते आणि थायरॉईडच्या विकारांचे त्यांचे केंद्र नावाजलेले होते. हर्ट्झ तेथे आरंभी बिनपगारी स्वयंसेवक म्हणून रुजू झाले. पुढे थायरॉईडच्या बाह्यरुग्ण विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली आणि १९४३ पर्यंत ती त्यांच्याकडेच राहिली.

त्या विभागात येणारे रुग्ण कसे होते? हा विकार आयरिश वैद्य रॉबर्ट ग्रेव्हज यांच्या नावाने ओळखला जातो. त्यांनी १८३५ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले होते. भूक भरपूर, पण अंग झडत चाललेले. हृदयाची धडधड थांबत नाही, हात थरथरतात, हिवाळ्यातही घाम फुटतो, झोप उडते, स्वभाव चिडचिडा होतो. कित्येकांचे डोळे खोबणीतून बाहेर आल्यासारखे दिसतात. शरीराचे इंजिन जणू कोणी पूर्ण वेगात सोडून दिलेले असते. उपचार न झाल्यास हृदय थकते आणि रुग्ण दगावतो. तरुण स्त्रियांमध्ये हा विकार अधिक.

उपाय एकच खात्रीचा होता : शस्त्रक्रिया करून ग्रंथीचा मोठा भाग काढून टाकणे. मेयो क्लिनिकच्या हेन्री प्लमर यांनी १९२० च्या दशकाच्या प्रारंभी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली होती. शस्त्रक्रियेपूर्वी काही दिवस साधे आयोडीन दिले, तर खवळलेली ग्रंथी तात्पुरती शांत होते आणि शस्त्रक्रियेतील मृत्यू घटतात. पण ही शांतता टिकत नसे. काही आठवड्यांत आजार पुन्हा डोके वर काढी. म्हणजे आयोडीन हे शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत सोबत करणारे औषध होते, आजार बरा करणारे नव्हते. आणि शस्त्रक्रियेत स्वरयंत्राच्या मज्जातंतूला इजा होण्याचा, नंतर अचानक उसळणाऱ्या थायरॉईडच्या वादळात रुग्ण हातचा जाण्याचा धोका होताच. गोळी म्हणून देता येईल असे औषध १९३६ साली अस्तित्वात नव्हते.

हर्ट्झ यांनी या ग्रंथीला चालना देणाऱ्या, मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीतून स्रवणाऱ्या संप्रेरकावर काम केले होते. रुग्णांच्या रक्तात व लघवीत ते किती सापडते याविषयीचा त्यांचा निबंध १९३६ मध्येच प्रसिद्ध झाला. पण त्यांच्या मनात घोळत होती ती जुनी, साधी गोष्ट. जर्मनीत यूजेन बाउमान यांनी १८९० च्या दशकातच थायरॉईडमध्ये आयोडीन असल्याचे शोधून काढले होते. पोटात गेलेल्या आयोडिनापैकी मोठा वाटा ही जेमतेम वीस-पंचवीस ग्रॅम वजनाची ग्रंथी स्वतःकडे ओढून घेते. ग्रंथी जितकी खवळलेली, तितकी तिची ओढ अधिक. मग त्या आयोडिनालाच किरणोत्सारी केले, तर? ग्रंथी ते आपण होऊन गिळील. बाहेरून मोजणी करून तिचे काम किती चालले आहे हे कळेल, आणि कदाचित आतूनच तिला आवरही घालता येईल.

कॉम्प्टन यांना जागच्या जागी उत्तर देता आले नाही. १५ डिसेंबर १९३६ रोजी त्यांनी हर्ट्झ यांना पत्र लिहून कळविले की आयोडीन कृत्रिमरीत्या किरणोत्सारी करता येते. रोममध्ये एन्रिको फर्मी यांनी १९३४ साली न्यूट्रॉनांचा मारा करून जी अनेक मूलद्रव्ये किरणोत्सारी केली होती, त्यांत आयोडीनही होते. मात्र त्याचे अर्धायुष्य अवघे पंचवीस मिनिटांचे होते. आठवडाभरात, २३ डिसेंबरला, हर्ट्झ यांनी उत्तर पाठविले. त्यात त्यांनी आपला विचार स्पष्ट मांडला : थायरॉईड ग्रंथी आयोडीन निवडून घेते, आणि किरणोत्सारी आयोडीन हे अतिसक्रिय थायरॉईडवरील उपचाराचे साधन ठरेल अशी त्यांना आशा होती. पुढे जो वाद झाला त्यात या पत्राची तारीख फार मोलाची ठरणार होती.

आज ही कल्पना साधी, जवळजवळ उघडच वाटते. त्या काळात ती तशी नव्हती. किरणोत्सारी पदार्थ पोटात घेण्याचा अमेरिकेचा अनुभव ताजा होता आणि तो भयंकर होता. रेडियम मिसळलेले पाणी शक्तिवर्धक म्हणून बाटल्यांतून विकले जाई. ते वर्षानुवर्षे पिणारा इबेन बायर्स नावाचा धनाढ्य उद्योगपती १९३२ मध्ये जबड्याची हाडे झिजून मरण पावला होता. घड्याळांच्या तबकड्या रेडियमच्या रंगाने रंगविणाऱ्या, कुंचल्याचे टोक ओठांनी सारखे करणाऱ्या कामगार मुलींच्या मृत्यूंनी न्यायालये गाजली होती. एम.आय.टी.मध्ये ज्या पदार्थवैज्ञानिकाकडे कॉम्प्टन यांनी हर्ट्झ यांना सोपविले, ते रॉब्ली इव्हान्स नेमके याच रेडियमबाधेचे अभ्यासक होते. फरक इतकाच, पण तोच निर्णायक : रेडियम हाडात शिरते आणि आयुष्यभर तेथे बसते, आयोडीन थायरॉईडमध्ये जाते आणि त्याचा किरणोत्सार ठरावीक काळाने विझतो.

इव्हान्स यांनी या कामासाठी आर्थर रॉबर्ट्स या तरुण पदार्थवैज्ञानिकाची नेमणूक केली. रॉबर्ट्स हे मोठे अवलिया गृहस्थ होते. संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले हे वैज्ञानिक पुढे पदार्थवैज्ञानिकांच्या आयुष्यावरील विनोदी गाण्यांसाठी सहकाऱ्यांत प्रसिद्ध झाले. रेडियम आणि बेरिलियम यांच्या मिश्रणातून न्यूट्रॉन मिळवायचे, त्यांचा आयोडीन असलेल्या द्रवावर मारा करायचा, तयार झालेले किरणोत्सारी आयोडीन वेगळे काढायचे आणि घाईघाईने सशाला टोचायचे, असा हा उद्योग होता. घाईला पर्याय नव्हता. पंचवीस मिनिटांत निम्मे, पन्नास मिनिटांत पाव, दीड तासात जेमतेम बारावा हिस्सा उरणार. तेवढ्या वेळात सशाची ग्रंथी काढून गायगर गणकाखाली ठेवली नाही, तर मोजायला काही शिल्लकच राहायचे नाही.

१९३७ च्या अखेरीस अठ्ठेचाळीस सशांवर हे प्रयोग झाले. सशांच्या थायरॉईडने किरणोत्सारी आयोडीन वेचून घेतले, आणि ज्यांची ग्रंथी मुद्दाम उत्तेजित केलेली होती त्यांनी ते अधिक घेतले. हर्ट्झ, रॉबर्ट्स आणि इव्हान्स यांच्या नावांनी हा निबंध १९३८ साली प्रसिद्ध झाला. थायरॉईडच्या अभ्यासासाठी किरणोत्सारी आयोडीन वापरल्याचा तो पहिला निबंध.

मात्र पंचवीस मिनिटांचे आयोडीन माणसावरील उपचाराला निरुपयोगी होते. अधिक टिकणारे आयोडीन हवे होते आणि ते अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातील बर्कले येथे सापडले. तेथे जोसेफ हॅमिल्टन हे डॉक्टर याच दिशेने विचार करीत होते. त्यांनी ग्लेन सीबोर्ग या तरुण रसायनशास्त्रज्ञाला सुमारे आठवडाभर टिकणारे आयोडीन मिळेल काय असे विचारले. १९३८ मध्ये जॅक लिव्हिंगूड आणि सीबोर्ग यांनी आठ दिवस अर्धायुष्य असलेले आयोडीन-१३१ शोधून काढले. पुढे नोबेल मानकरी झालेल्या सीबोर्ग यांच्या आईला याच विकाराने ग्रासले आणि तिचे आयुष्य याच समस्थानिकाने वाढविले, ही हकिकत सीबोर्ग स्वतः अभिमानाने सांगत असत.

बर्कलेकडे सायक्लोट्रॉन होता, बोस्टनकडे नव्हता. तो मिळविण्यासाठी मार्कल फाउंडेशनने तीस हजार डॉलर्स दिले आणि १९४० मध्ये एम.आय.टी.चा सायक्लोट्रॉन वैद्यकीय आणि जीवशास्त्रीय उपयोगासाठी सुरू झाला. त्यातून निघणारे आयोडीन मिश्र होते. नव्वद टक्के वा त्याहून अधिक भाग सुमारे बारा तास अर्धायुष्य असलेल्या आयोडीन-१३० चा, उरलेला आयोडीन-१३१ चा. १९४१ सालाच्या आरंभीच्या महिन्यांत हर्ट्झ यांनी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील एका स्त्री रुग्णाला या मिश्रणाचा घोट दिला. चव नाही, वेदना नाही, सुरी नाही. पेल्यातील द्रव पिऊन व्हायचे आणि वाट पाहायची. अतिसक्रिय थायरॉईडवर किरणोत्सारी आयोडिनाने केलेला हा पहिला उपचार. बर्कलेच्या हॅमिल्टन यांनी त्याच वर्षी काही महिन्यांनी आपले रुग्ण हाती घेतले. १९४२ मध्ये दोन्ही गटांनी आपले प्राथमिक निष्कर्ष जाहीर केले.

हे घडते कसे, हे जाणणे अवघड नाही. ग्रंथीत साठलेले किरणोत्सारी आयोडीन बीटा कण बाहेर टाकते. हे कण ऊतीत एक-दोन मिलिमीटरपलीकडे जात नाहीत. त्यामुळे मारा होतो तो आयोडीन साठविणाऱ्या पेशींवर. शेजारची श्वासनलिका, अन्ननलिका, मज्जातंतू बहुतांशी बचावतात. पेशी एका रात्रीत मरत नाहीत, आठवड्यांमागून आठवडे त्या हळूहळू निकामी होतात. जोडीला बाहेर पडणारे गॅमा किरण शरीराबाहेर पोचतात आणि किती औषध ग्रंथीत गेले याची मोजणी शक्य करतात. ज्या पदार्थाने निदान करायचे त्यानेच उपचारही, असे औषध वैद्यकाच्या हाती त्यापूर्वी क्वचितच आले होते.

हर्ट्झ यांच्या कामात एक कच्चा दुवा होता आणि तो झाकण्यात अर्थ नाही. किरणोत्सारी आयोडीन दिल्यानंतर काही दिवसांनी ते रुग्णांना साधे आयोडीनही देत. कारण समजण्यासारखे होते. नव्या औषधाचा परिणाम दिसेपर्यंत रुग्णाला उघड्यावर सोडणे त्यांच्यातील डॉक्टराला मान्य नव्हते. पण त्यामुळे रुग्ण बरा झाला तो कोणत्या आयोडिनाने, असा प्रश्न टीकाकारांना विचारता येऊ लागला. सावध वैद्याने जे करावे तेच त्यांनी केले, आणि त्याच सावधपणाने त्यांच्या पुराव्याची धार बोथट झाली.

तेवढ्यात युद्ध दारात आले. १९४३ मध्ये हर्ट्झ अमेरिकन नौदलात दाखल झाले. जाताना त्यांनी आपले रुग्ण आणि त्यांची देखरेख रुग्णालयातील सहकारी डॉ. अर्ल चॅपमन यांच्याकडे सोपविली.

त्याच वर्षी, त्याच बोस्टन शहरात, या आजाराच्या इतिहासाला दुसरे वळण मिळाले. बर्म्युडा बेटावर जन्मलेले एडविन ॲस्टवूड हे हार्वर्डमध्ये औषधशास्त्राचे अध्यापन करीत. बॉल्टिमोरमधील संशोधकांना असे आढळले होते की काही विशिष्ट गंधकयुक्त रसायने खाऊ घातल्यास उंदरांच्या थायरॉईडला सूज येते. ॲस्टवूड यांनी ओळखले की ही सूज म्हणजे ग्रंथीच्या अपयशाची खूण आहे; रसायन संप्रेरक तयार होऊ देत नाही, म्हणून पियूषिका तिला अधिकाधिक हाकते आणि ती फुगते. मग संप्रेरक अति झालेल्या रुग्णाला हेच रसायन का देऊ नये? अनेक संयुगे पारखून त्यांनी थायोयुरिया आणि थायोयुरॅसिल निवडली आणि ८ मे १९४३ रोजी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात केवळ तीन रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. थायरॉईड आवरणारी गोळी प्रथमच अस्तित्वात आली. थायोयुरॅसिल धोक्याचे निघाले. काही रुग्णांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी एकाएकी नाहीशा होत. पण त्याची अधिक सुरक्षित भावंडे लवकरच आली : १९४७ मध्ये प्रोपिलथायोयुरॅसिल, त्यामागून ॲस्टवूड यांच्याच प्रयोगशाळेतून मेथिमॅझोल, आणि ब्रिटनमध्ये १९५१ च्या सुमारास कार्बिमॅझोल. आपल्याकडील रुग्णांना परिचित आहे ते हेच शेवटचे. शरीरात शिरल्यावर त्याचे मेथिमॅझोलच होते. या गोळ्या महिनोन्‌महिने, बहुधा वर्ष-दीड वर्ष घ्याव्या लागतात, आणि त्या थांबविल्यावर बऱ्याच रुग्णांत आजार उलटतो. पांढऱ्या पेशींचा धोकाही क्वचित का होईना, या भावंडांतही आहे. म्हणून गोळ्या चालू असताना घसा दुखून ताप आला तर डॉक्टर लगेच रक्त तपासायला सांगतात.

इकडे चॅपमन यांनी हर्ट्झ यांच्या पश्चात इव्हान्स यांच्या साहाय्याने काम पुढे चालू ठेवले, पण वेगळ्या रीतीने. त्यांनी किरणोत्सारी आयोडिनाची मात्रा बरीच वाढविली आणि मागाहून साधे आयोडीन देणे बंद केले. पुरावा अधिक स्वच्छ झाला. युद्ध संपून हर्ट्झ परतले तेव्हा त्यांना दिसले ते असे : आपल्या मागे चॅपमन आणि इव्हान्स यांनी आपला स्वतंत्र निबंध तयार केलेला, आणि मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आपली जुनी जागा उरलेली नाही.

हर्ट्झ स्वस्थ बसले नाहीत. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकाचे संपादक मॉरिस फिशबाइन यांच्यापर्यंत त्यांनी आपले म्हणणे पोचविले. परिणाम काय झाला ते त्या नियतकालिकाचा ११ मे १९४६ चा अंक उघडला की दिसते. पृष्ठ ८१ वर हर्ट्झ आणि रॉबर्ट्स यांचा एकोणतीस रुग्णांवरील निबंध सुरू होतो आणि तो पृष्ठ ८६ वर संपतो. त्याच पृष्ठावर चॅपमन आणि इव्हान्स यांचा बावीस रुग्णांवरील निबंध सुरू होतो. एकाच रुग्णालयातून, एकाच सायक्लोट्रॉनच्या औषधावर, एकाच आजारासाठी, पाठीला पाठ लावून उभे असलेले दोन निबंध. वैद्यकाच्या इतिहासात असे दृश्य वारंवार दिसत नाही.

न्याय कोणाच्या बाजूने? चॅपमन यांचे रुग्ण त्यांचे स्वतःचे होते, त्यांची मात्रा वेगळी होती, आणि उपचाराची परिणामकारकता निर्विवाद करण्यात त्यांच्या आकड्यांचा वाटा मोठा होता हे मान्य करावे लागते. परंतु कल्पना कोणाची, पहिले ससे कोणाचे, पहिला रुग्ण कोणाचा या तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. युद्धावर गेलेल्या सहकाऱ्याने विश्वासाने हाती दिलेल्या कामाचे श्रेय तो परतण्यापूर्वी वेगळे करून घेणे, याला नियमात बसविता येईल. औचित्यात बसविता येणे कठीण. पुढची कित्येक वर्षे पाठ्यपुस्तकांत या उपचाराच्या जनकत्वाचा उल्लेख मोघम राहिला, बर्कले आणि बोस्टन यांत वाटला गेला आणि हर्ट्झ हे नाव बरेच मागे पडले.

रागाने कुढत बसण्याचा मात्र त्यांचा पिंड नव्हता. बोस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयात त्यांनी काम सुरू केले आणि १९४६ मध्येच किरणोत्सारी समस्थानिकांच्या वैद्यकीय संशोधनासाठी स्वतःची संस्था काढली. त्यांचे सहकारी होते न्यूयॉर्कच्या माँटेफिओर रुग्णालयातील सॅम्युअल सायडलिन. सायडलिन यांच्याकडे एक विलक्षण रुग्ण आला होता. कर्करोगामुळे त्याची थायरॉईड ग्रंथी कित्येक वर्षांपूर्वी काढून टाकलेली होती, तरी अतिसक्रिय थायरॉईडची सारी लक्षणे त्याच्यात होती. अंगभर पसरलेल्या कर्करोगाच्या गाठीच संप्रेरक बनवीत होत्या. त्या गाठी आयोडीनही ओढून घेतील, असा तर्क करून १९४३ मध्ये त्याला किरणोत्सारी आयोडीन देण्यात आले. गाठींनी ते घेतले आणि रुग्णाची प्रकृती सुधारली. हर्ट्झ यांची दृष्टी आता याच वाटेवर होती. थायरॉईडच्या कर्करोगात एकूण कर्करोगाच्या कोड्याची किल्ली सापडेल असा त्यांना विश्वास वाटत होता.

काळही त्यांच्या बाजूने वळत होता. १९४६ च्या ऑगस्टपासून ओक रिज येथील अणुभट्टीतून समस्थानिकांचा पुरवठा रुग्णालयांना होऊ लागला. अणुबाँबच्या प्रकल्पासाठी उभारलेली ही भट्टी. सायक्लोट्रॉनमधून मोठ्या खटाटोपाने थेंबाथेंबाने मिळणारे आयोडीन आता शुद्ध आयोडीन-१३१ च्या रूपात मुबलक आणि स्वस्त झाले. हिरोशिमाची छायाचित्रे ताजी असताना अणूचे काहीतरी भले रूप लोकांना दाखवायला हवेच होते. वृत्तपत्रांनी या औषधाला ॲटॉमिक कॉकटेल असे नाव देऊन टाकले. हर्ट्झ यांनी १९४९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विमेन्स हॉस्पिटलमध्ये अणुवैद्यकाचा विभाग सुरू केला.

२८ जुलै १९५० रोजी हृदयविकाराच्या झटक्याने सॉल हर्ट्झ यांचे निधन झाले. वय पंचेचाळीस. मागे पत्नी आणि दोन मुली होत्या. पुढच्याच वर्षी, १९५१ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने थायरॉईडच्या रुग्णांसाठी आयोडीन-१३१ ला मान्यता दिली. अशी मान्यता मिळालेले ते पहिले किरणोत्सारी औषध होय.

त्यानंतरची वाटचाल सरळ नाही. अमेरिकेत अनेक दशके या विकारावर किरणोत्सारी आयोडीन हाच पहिल्या पसंतीचा उपचार होता. युरोप आणि जपानमधील डॉक्टर आरंभी गोळ्यांनाच प्राधान्य देत आले. आयोडिनाच्या घोटाने आजार बहुधा कायमचा जातो, पण बऱ्याच रुग्णांत ग्रंथी इतकी मंदावते की पुढे आयुष्यभर थायरॉक्सिनची गोळी घ्यावी लागते. गर्भवतीला आणि अंगावर पाजणाऱ्या मातेला ते देता येत नाही. ज्यांचे डोळे आधीच बाधित आहेत अशांत ते जपून वापरावे लागते. प्रोपिलथायोयुरॅसिलने यकृताला गंभीर इजा होऊ शकते असा कडक इशारा अमेरिकन औषध प्रशासनाने २०१० मध्ये दिला. म्हणजे औषधे तीच, सात-आठ दशकांपूर्वी बोस्टनमध्ये जन्मलेली, आणि त्यांतील निवड अजूनही रुग्ण समोर बसवूनच करावी लागते.

मुंबईशीही या औषधाचे नाते जुने आहे. ऑगस्ट १९५६ मध्ये तुर्भ्याला अप्सरा ही भारताची पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली आणि देशात समस्थानिके तयार करण्याची वाट मोकळी झाली. १९६३ मध्ये परळला अणुऊर्जा खात्याचे रेडिएशन मेडिसिन सेंटर उभे राहिले. अतिसक्रिय थायरॉईडचे आणि थायरॉईड कर्करोगाचे रुग्ण दूरदूरच्या गावांतून तेथे येतात आणि तुर्भ्यातून आलेले आयोडीन-१३१ पितात. व्हँडरबिल्ट हॉलमध्ये तो प्रश्न विचारला गेला तेव्हा होमी भाभा केंब्रिजमध्ये विश्वकिरणांवर काम करीत होते.

हर्ट्झ यांच्या नावाला पुन्हा उजाळा मिळाला तो त्यांच्या कन्येमुळे. वडील गेले तेव्हा ती लहान होती. मोठेपणी तिने त्यांची पत्रे, टिपणे, रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या आणि अभ्यासकांपुढे ठेवल्या. अमेरिकेतील अणुवैद्यकाच्या संस्थेने आता डॉ. सॉल हर्ट्झ यांच्या नावाने पुरस्कार ठेवला आहे. कॉम्प्टन यांचे १५ डिसेंबर १९३६ चे पत्र आणि हर्ट्झ यांनी त्याला २३ डिसेंबरला दिलेले उत्तर ही दोन्ही पत्रे सुस्थितीत उपलब्ध आहेत.